सेल्फ लागत नाही? आधी वायरिंग मोजा, मग पार्ट बदला

गावात जुन्या मोटरसायकलचा सेल्फ बसला की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी बॅटरी बदलतात. काही दिवस बरे जातात, मग पुन्हा टकटक सुरू. तेवढ्यात कोणीतरी सांगतं, "भाऊ, मोटर गेली असंन." मोटर बदलली तरी तेच. शेवटी गाडी कायमची किकवर येते, आणि किकच नसली तर रोज उतार पाहून उभी करावी लागते. यवतमाळ-वाशीमकडे उतार तरी सापडतो, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात तोही नाही.

एवढा खर्च होतो, पण मल्टिमीटर लावून कोणी पाहिलेलं नसतं. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा पार्टमध्ये नसून दोन पार्टच्या मधल्या जोडात असतो. गंजलेलं टर्मिनल, सैल झालेला अर्थचा (बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वायरीचा) बोल्ट, कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमधली) जळकी पिन, उंदराने कुरतडलेली वायर. नवा पार्ट त्याच सडक्या जोडावर बसवला तर तोही थोड्याच दिवसांत जुन्यासारखा वागतो. हे लिखाण दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जुन्या पल्सर, डिस्कव्हर, पॅशन, स्प्लेंडर, युनिकॉर्न अशा सेल्फच्या गाड्यांसाठी आहे, आणि ज्यांनी आजवर सीट उघडून आत पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी.

काय काय लागेल

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा पिवळा चालतो. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन हात-हातभर वायरी जोडल्या की टेस्ट लॅम्प तयार. ८ आणि १० नंबरचा पाना, पेचकस, पकड, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, थोडं व्हॅसलीन. बाकी खिशातला मोबाइल: कोणताही कपलर काढण्याआधी फोटो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायचा आणि या लेखातल्या जवळपास सगळ्या तपासण्या तिथेच करायच्या. सेल्फ मोटर किती अँपिअर ओढते हे बघायला मीटर वायरीच्या मध्ये जोडू नका. मीटरची खाच १० अँपिअरची असते आणि सेल्फ मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते, मीटर तिथेच जळेल.

अर्थची वायर ओळखता आली पाहिजे. हिरो होंडा आणि होंडाच्या गाड्यांत ती हिरवी असते, बजाजमध्ये बहुधा काळ्यावर पिवळी रेघ. मात्र जुन्या गाडीवर आधी दोन-तीन मिस्त्रींचे हात फिरलेले असतात आणि दुकानात जो रंग मिळाला तो त्यांनी जोडलेला असतो. त्यामुळे रंगावरून अंदाज घ्या, खात्री मीटरवर करा.

सेल्फचे दोन रस्ते

सेल्फच्या वायरिंगमध्ये करंटचे दोन रस्ते असतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

जाड रस्ता: बॅटरीच्या प्लसमधून जाड वायर सेल्फ रिलेला (बारीक करंटच्या इशाऱ्यावर जाड करंट जोडणारा स्विच), रिलेतून दुसरी जाड वायर सेल्फ मोटरला. मोटरची बॉडी इंजिनला बसलेली, इंजिनपासून जाड अर्थ वायर बॅटरीच्या मायनसला. छोट्या गाडीची मोटरसुद्धा या रस्त्याने चाळीस-पन्नास अँपिअर सहज ओढते, पहिल्या क्षणाला त्याहून जास्त.

बारीक रस्ता: फ्यूज, चावी, बऱ्याच गाड्यांत किल स्विच (इंजिन बंद करायचं लाल बटण), मग सेल्फचं बटण, तिथून रिलेची छोटी कॉइल, आणि क्लच स्विच किंवा न्यूट्रल स्विचमधून अर्थ. काही गाड्यांत क्रम थोडा वेगळा असतो, कुठे बटण अर्थच्या बाजूला असतं. काम मात्र एकच: रिलेला "जोड" म्हणून सांगणं.

बटण दाबल्यावर रिलेतून "टक" आवाज आला म्हणजे बारीक रस्ता ठीक आहे, दोष जाड रस्त्यात शोधायचा. आवाजच नाही तर बारीक रस्ता.

पाना हातात घेण्याआधी

किल स्विच चालू बाजूला आहे का? हास्यास्पद वाटेल, पण पोरं गाडीवर खेळतात आणि लाल बटण दाबून ठेवतात. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतो का? क्लच पूर्ण दाबून पाहा. हॉर्न दणदणीत वाजतो की घशात अडकल्यासारखा? सेल्फ दाबताना न्यूट्रलचा दिवा तसाच राहतो, मंद होतो की विझतो?

दिवा तसाच आणि आवाज नाही: बारीक रस्ता तुटलाय. दिवा मंद आणि टक-टक-टक अशी सरबत्ती: बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. रिलेला ओढायला पुरेसे व्होल्ट मिळतात, ती जोडते, मोटर भार टाकते, व्होल्ट कोसळतात, रिले सोडते, पुन्हा जोडते. एकच ठसठशीत "टक", दिवा तसाच तेजस्वी, आणि मोटर गप्प: रिलेचे आतले जाड पॉइंट जळलेत किंवा मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत. एकच टक आणि दिवा पार विझला, तर मोटर किंवा इंजिन जाम आहे का ते किकने फिरवून पाहा. बॅटरी अगदीच मेलेली असली तरी असंच दिसतं.

मोटर "घुंई" फिरते पण इंजिन फिरत नाही, तर वायरिंगला हात लावू नका. मोटरचा जोर इंजिनला देणारा वन वे क्लच घसरतोय. त्यासाठी इंजिनचं साइड कव्हर उघडावं लागतं, मॅग्नेट काढायला पुलर लागतो. ते काम मिस्त्रीचं. आणि इंजिन झकास फिरतंय पण चालू होत नाही, तर सेल्फचा काही दोष नाही. प्लग, पेट्रोल, कार्ब्युरेटर बघा.

बटण सोडल्यावरही मोटर फिरतच राहिली तर रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटलेत. चावी बंद करून ती थांबत नाही. ताबडतोब बॅटरीची मायनस वायर काढा आणि रिले नवी टाका, ती ठोकून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका.

बॅटरी

काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस. मायनस जोडलेली असताना प्लसचा बोल्ट खोलायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर थेट शॉर्ट.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी व्होल्ट मोजा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ च्या आसपास आली म्हणजे उतरलीच. पण नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. मीटरच्या काड्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना धरून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगा. मोटर फिरताना व्होल्ट दहाच्या वर राहिले तर बॅटरीत दम आहे. साडेनऊच्या खाली गेले तर आधी चार्ज करून पुन्हा तपासा, आणि पूर्ण चार्ज करूनही कोसळत असतील तर बॅटरी म्हातारी झाली.

आपल्याकडे बॅटरी थंडीपेक्षा उन्हाळ्यात जास्त मरते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, आणि बाजारच्या दिवशी गाडी दिवसभर उन्हात. पाण्याच्या बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेट उघड्या पडतात आणि तेवढा भाग कायमचा वाया जातो. मार्च ते जून महिन्यातून एकदा पातळी बघा आणि वरच्या रेघेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. गावात आलेलं आरओचं कॅन म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतात. कूलरचं पाणी तर नकोच. अॅसिडही वरून टाकायचं नाही, उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. मेंटेनन्स फ्री बॅटरीचं झाकण उचकटू नका.

चार्जिंगचा सोपा हिशोब असा: बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाइतका करंट. ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण ०.९ अँपिअर, रात्रभर. घरात बॅटरीवरचा फवारणी पंप असतोच. त्यातली बॅटरी शिशाची असेल तर त्याचा १२ व्होल्टचा चार्जर अडीअडचणीला चालतो, अधूनमधून व्होल्ट बघत राहायचे आणि साडेचौदाच्या वर जाऊ लागले की काढायचा. पंप लिथियमचा असेल तर त्याचा चार्जर गाडीला लावू नका.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जम्पर लावून गाडी चालू करता येते, दोन्ही १२ व्होल्टच्या. ट्रॅक्टर मात्र बंद ठेवायचा. प्लसला प्लस आधी, मग ट्रॅक्टरच्या मायनसची वायर गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. मोठ्या बॅटरीने छोटी गाडी जळते ही भीती फोल आहे, मोटर आपल्याला लागेल तेवढाच करंट ओढते. जळतं ते उलटी वायर लावल्याने.

जाड रस्त्याची खरी तपासणी

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. ही आली की तुम्ही निम्म्या मिस्त्रींच्या पुढे गेलात.

वायर तुटलेली नसतानाही तिच्या टोकाला गंज असेल तर तिथे व्होल्ट अडकतात. ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तसं: मोटार चालू, दाब आहे, पण शेवटच्या झाडाला थेंबच. गाडी बंद असताना मोजाल तर सगळीकडे साडेबारा दिसतील, कारण करंट वाहत नसताना गंज काही अडवत नाही. म्हणून ही तपासणी सेल्फ दाबलेला असतानाच करायची.

प्लगची कॅप काढून ती दुसऱ्या प्लगला लावून इंजिनला अर्थ करून ठेवा किंवा किल स्विचने फक्त स्पार्क बंद होत असेल तर तो वापरा, म्हणजे इंजिन चालू न होता फिरेल. गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. पेट्रोल कुठे गळत नाही ना ते बघा.

मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लस खांबावर धरा, नटावर नको, खांबावरच. काळी काडी सेल्फ मोटरच्या टर्मिनलवर. सेल्फ दाबा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक-दीड व्होल्ट दिसला तर चोर सापडला, आता त्याला कोपऱ्यात गाठायचं. लाल काडी तिथेच ठेवून काळी काडी रिलेच्या बॅटरीकडच्या बोल्टवर आणा, पुन्हा दाबा. मग रिलेच्या मोटरकडच्या बोल्टवर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम उडी मारतो, दोष त्या तुकड्यात. रिलेच्या दोन बोल्टांच्या मध्ये मोठी उडी असेल तर रिलेचे पॉइंट जळलेत.

मग अर्थची बाजू. लाल काडी मोटरच्या बॉडीवर खरवडून चमकलेल्या जागी, काळी बॅटरीच्या मायनस खांबावर. सेल्फ दाबा. पाव व्होल्टच्या आत हवं. विदर्भातल्या गाड्यांत ही बाजू जास्त वेळा नापास होते. काळ्या मातीचा चिखल इंजिनवर चढतो, वाळून घट्ट बसतो, ओल धरून ठेवतो, आणि अर्थचा बोल्ट त्याच्याखाली गंजत राहतो. वरून बघून काही कळत नाही. बोल्ट काढा, वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी) आणि चेसिसची जागा पॉलिश पेपरने पांढरी करा, घट्ट आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. आधी लावू नका, धातूला धातू भिडला पाहिजे.

थिंबलमध्ये वायर शिरते तिथे हिरवट-पांढरी पावडर दिसली किंवा प्लास्टिक फुगलेलं असलं, तर नुसतं घासून भागणार नाही. आतल्या तारा सडल्यात. नवी जाड तांब्याची वायर, दोन्ही टोकांना नीट दाबून बसवलेलं थिंबल, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). स्वस्त वायर खरवडून आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, परत करा.

पेचकस घेऊन रिलेचे दोन बोल्ट जोडण्याची पद्धत सगळीकडे आहे. रिले "टक" करत असूनही असं जोडल्यावरच मोटर फिरली, तर रिले खराब, हे अनुमान बरोबरच आहे. पण तेव्हा न्यूट्रल आणि क्लचची सुरक्षा बाजूला राहते, गाडी गिअरमध्ये असेल तर सरळ अंगावर येते. ठिणगीही जोरदार उडते. करायचंच असेल तर न्यूट्रल दोनदा तपासून, जाड जम्पर वायरीने, टाकीपासून दूर. वर सांगितलेल्या मोजणीने हेच उत्तर ठिणगीशिवाय मिळतं.

बारीक रस्ता

रिलेला दोन बारीक वायरींचा कपलर असतो. चावी चालू, न्यूट्रल, क्लच दाबलेला. दोन बारीक वायरींच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावा आणि बटण दाबा. दिवा लखलखीत लागला आणि रिले जोडत नसेल, तर रिलेची कॉइल गेली. दिवा लागलाच नाही, तर टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या मायनसला पक्कं करून दुसऱ्या टोकाने एकेक वायर तपासा. बटण दाबल्यावर एका वायरीत प्लस येतोय, तर दुसरी बाजू, म्हणजे क्लच-न्यूट्रलचा अर्थ, तुटलाय. प्लसच येत नाही, तर उलटं चालत जा: बटण, किल स्विच, चावी, फ्यूज. बटण अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीत प्लस सतत दिसेल, तिथे टेस्ट लॅम्प प्लसला लावून अर्थ शोधायचा. इथे मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, कारण एकाच तारेवर लटकलेली वायरसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते, दिवा मात्र मिणमिणतो.

बटण बहुतेक वेळा फक्त मळलेलं असतं. उजव्या हाताचा स्विच उघडताना खाली फडकं पसरा, आत बारीक स्प्रिंग असते आणि ती उडाली की संध्याकाळ शोधण्यात जाते. तांब्याचे पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासा, कॉन्टॅक्ट क्लिनर मारा. पेट्रोलने धुऊ नका, प्लास्टिक चिरतं.

क्लच स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान. तो गेला की मिस्त्री दोन वायरी पिळून "डायरेक्ट" करून देतात. मला हे पटत नाही. घरातलं पोरगं गिअरमध्ये उभ्या गाडीचं बटण दाबेल तेव्हा गाडी उडी घेईल. स्विच काही महाग नसतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच नंबरचा टाका. तंबाखूच्या पुडीची चांदी गुंडाळलेले फ्यूज मी इतके पाहिलेत की आता नवल वाटत नाही. ती चांदी उडत नाही, तिच्याऐवजी टाकीखालची वायरिंग उडते. नवा फ्यूजही लगेच गेला तर कुठेतरी वायर चेसिसला टेकतेय. हँडलच्या मानेजवळ बघा, वळणाऱ्या जागी वायरी घासतात. मग टाकीखाली आणि सीटखाली. कापूस किंवा सोयाबीन भरलेल्या खोलीत गाडी उभी असेल तर उंदरांचं काम समजा.

सेल्फ मोटर

मोटरपर्यंत व्होल्ट नीट पोचतायत, सेल्फ दाबल्यावर टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये दहाच्या वर दिसतायत आणि मोटर तरी सुस्त किंवा गप्प, तेव्हाच मोटर खोला. टर्मिनलचा नट काढताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पूर्ण बोल्ट फिरतो आणि आतली जोडणी तुटते. चांगली मोटर खराब करण्याचा हा हमखास मार्ग.

मोटर उघडण्याआधी दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर मार्करने रेघ ओढा. आत काळी पावडर असेल, ती कार्बनची. कार्बन झिजून आखूड झाले, किंवा स्प्रिंग त्यांना कॉम्युटेटरवर (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) दाबत नसेल, तर नुसती कार्बन प्लेट मिळते आणि ती पूर्ण मोटरपेक्षा खूपच स्वस्त पडते. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा, मधल्या खाचा टोकदार काडीने मोकळ्या करा. आत लाल गंज आणि माती दिसली तर रबरी ओ-रिंग गेलीय, ती बदला. गाडी बोअरच्या पाइपाने धुताना थेट मोटरवर धार मारू नये ती यासाठीच.

चार्जिंग बघितल्याशिवाय काम संपत नाही

गाडी चालू करा, अॅक्सिलरेटर मध्यम द्या, बॅटरीवर व्होल्ट मोजा. साडेतेरा ते साडेचौदा हवेत. तेराच्या खाली असतील तर बॅटरी कितीही नवी आणा, ती उतरणारच. आरआर युनिटचा (इंजिनच्या मॅग्नेटोत तयार झालेली वीज बॅटरीला चालेल अशी करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचा) कपलर काढून बघा, पिन काळ्या-तपकिरी झाल्या असतील तर दोष तिथेच. पंधराच्या वर जात असतील तर आरआर युनिट गेलंय. ते बॅटरी उकळवतं आणि बल्ब एकामागून एक उडवतं.

आता अपग्रेड

हे सगळं नीट झाल्यावरच. पहिलं अपग्रेड दिसत नाही आणि दाखवताही येत नाही: इंजिनपासून बॅटरीच्या मायनसला एक जादा जाड अर्थ वायर. जुन्या गाडीत यासारखा फायदा दुसऱ्या कुठल्या पार्टने होत नाही. दुसरं, रिलेचा कपलर आणि फ्यूज होल्डर नवे. तिसरं, कंपनीने सांगितलेल्याच अँपिअर-अवरची चांगली बॅटरी. खोक्यात बसते म्हणून दुप्पट मोठी टाकण्यात अर्थ नाही, मॅग्नेटो तेवढंच आहे.

मग हेडलाइट. रात्री शेतातून येताना रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं येतं, तेव्हा जुन्या पिवळ्या उजेडाचा वैताग मलाही समजतो. पण आधी एक तपासा. इंजिन बंद, चावी चालू, हेडलाइट लावा. लागला तर तो बॅटरीवर, म्हणजे डीसीवर आहे. इंजिन चालू असतानाच लागत असेल आणि अॅक्सिलरेटरबरोबर कमी-जास्त होत असेल, तर तो थेट मॅग्नेटोच्या एसीवर आहे. जुन्या १०० सीसीच्या कित्येक गाड्यांत असंच असतं. एसीवर साधा एलईडी बल्ब लावला तर फडफडतो आणि लवकर जातो. डीसी करायला मॅग्नेटोची अर्थ सोडवून वेगळं आरआर युनिट बसवावं लागतं, नवशिक्याने त्यात पडू नये.

डीसीवर असेल तर एलईडीच्या आधी रिले बसवा. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला जवळपास तीन अँपिअर ओढतो, आणि तो सगळा करंट बारीक वायरीतून, जुन्या स्विचमधून जातो. बल्बच्या होल्डरवर मोजलंत तर बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी सापडणं नेहमीचं. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज टाकून वायर. ८७ वरून बल्बला. ८५ अर्थला. ८६ ला गाडीच्या मूळ हेडलाइटची वायर, म्हणजे स्विच आता फक्त रिलेला इशारा देईल. अप्पर-डिपर दोन्ही हवेत तर दोन रिले. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या आधीचा वायरीचा तुकडा शॉर्ट झाला तर त्याला वाचवणारं कोणी नसतं. एवढं करून जुनाच हॅलोजन बल्ब इतका उजळतो की बऱ्याच जणांना पुढे एलईडी लागतच नाही.

एलईडी हवाच असेल तर भिंतीवर उजेड पाडून बघा. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी उजेड चारी बाजूंना फेकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि रस्त्यावर मात्र काळोख. डिपरला वरची कडा स्पष्ट कापलेली दिसली तर बल्ब ठेवा.

जादा फॉग लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर लावण्याआधी वॅटची बेरीज करा. बऱ्याच जुन्या गाड्यांचं मॅग्नेटो शंभर वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी देतं, तेही चांगल्या आरपीएमवर. हेडलाइट, टेललाइट, इग्निशन वजा करून उरलेल्यात तुमचं सामान बसलं पाहिजे. बसलं नाही तर बॅटरी दर रात्री थोडी थोडी खाली जाईल आणि सकाळी पुन्हा टकटक. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न तर मोटार वाहन नियमांतच बसत नाही. दोन चांगले साधे हॉर्न रिलेवर लावले की पुरतात.

जोड देताना घरच्या फिटिंगची एकतारी कडक वायर वापरू नका, धक्क्यांनी ती आतल्या आत तुटते. गाडीसाठी बहुतारी वायर. जोडाला डाग द्या किंवा दाबायचं कनेक्टर वापरा, वर हीट श्रिंक. नुसती काळी टेप आपल्या उन्हात पाघळते, चिकट होते आणि सुटते. शेजारशेजारच्या दोन वायरींचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, थोडे पुढे-मागे ठेवा.

वायरिंग पाच-सहा ठिकाणी जोडलेलं, प्लास्टिक कडक होऊन वाकवताच तडकतंय, अशी अवस्था असेल तर पूर्ण हार्नेसच (वायरींचा अख्खा जुडगा) बदला. त्याच मॉडेलचा आणि त्याच वर्षाच्या आसपासचा मागा. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षांत कपलर बदललेले असतात, म्हणून जुना काढून दुकानात न्यायचा आणि शेजारी ठेवून एकेक टोक जुळवायचं. बसवताना जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांतून न्या. सायलेन्सर आणि इंजिनच्या डोक्यापासून लांब. सगळं जोडून झाल्यावर टाकी चढवण्याआधी चावी चालू करा, इंडिकेटर लावा, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा. वायर कुठे ताणली गेली, दिवा लुकलुकला, तर तिथली क्लिप सोडून बोटभर ढील द्या आणि पुन्हा फिरवून बघा.